मदत हवी आहे : दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात पेशींमधील संवाद हे कारण मानावे की परिणाम?

नमस्कार. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील चर्चासत्रासाठी मी वरील विषय घेतला आहे. वाचन बरेच झाले, परंतु एका मुद्द्यापाशी विचार पुढे सरकत नाही. जे समजले आहे ते आधी मांडतो, म्हणजे जाणकारांना नेमके बोट ठेवता येईल.

मूळ कारण मधुमेह असो, उच्च रक्तदाब असो वा केशिकागुच्छांचा (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या झुपक्यांचा) दाह, विकार पुढे गेल्यावर मूत्रपिंडाचे चित्र बहुतेक सारखेच दिसते : नलिका आक्रसतात, भोवतालच्या केशवाहिन्या विरळ होतात आणि मधल्या जागेत कोलॅजेन साचते. एवढ्या भिन्न कारणांचा शेवट एकच का होतो, याचे उत्तर पेशी एकमेकींना जे रासायनिक संदेश देतात त्यांत शोधले जाते. समीपस्थ नलिकेच्या (केशिकागुच्छानंतर लगेच येणाऱ्या भागाच्या) पेशींना इजा झाली की त्या टीजीएफ-बीटा (तंतू वाढवणारा प्रमुख संदेश), सीसीएल२, सॉनिक हेजहॉग असे रेणू सोडतात. सीसीएल२मुळे रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ओढल्या जातात व त्यांच्यापासून मॅक्रोफेज या भक्षक पेशी बनतात. केशवाहिन्यांना बिलगून राहणारे पेरिसाइट आपली जागा सोडतात आणि कोलॅजेन बनवणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टमध्ये त्यांचे रूपांतर होते. पेरिसाइटचा आधार सुटलेली केशवाहिनी टिकत नाही, ऑक्सिजन कमी पडतो आणि नलिकेला नव्याने इजा होते.

येथवर ठीक आहे. अडचण अशी की, एकेका पेशीतील आरएनए मोजून काढलेल्या संवादाच्या नकाशांत प्रत्येक पेशीप्रकाराकडून प्रत्येक पेशीप्रकाराकडे बाण जाताना दिसतो. यातले कोणते बाण विकार घडवतात आणि कोणते केवळ विकारासोबत उमटतात, हे कसे ठरवायचे? आणि टीजीएफ-बीटा जर सगळ्याच्या मुळाशी असेल, तर तोच अडवून हा विकार का थांबवता आला नाही?

प्रतिसाद १

आपली मांडणी बरोबर आहे. नकाशांविषयीची शंकाही रास्त आहे, किंबहुना ती अधिक जणांना यायला हवी. हे नकाशे एका पेशीत संदेशरेणूचा आरएनए आणि दुसरीत त्याच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) आरएनए आढळला की दोघींमध्ये बाण काढतात. पण त्यासाठी ऊतीतील पेशी किंवा त्यांची केंद्रके आधीच सुटी केलेली असल्यामुळे, त्या दोन पेशी मुळात शेजारी होत्या की नाहीत, हे त्या आकड्यांत उरलेलेच नसते. टीजीएफ-बीटाच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. तो पेशीबाहेर येतो तो निष्क्रिय अवस्थेत, एका प्रथिनाच्या वेष्टणात, आणि नलिकापेशींवरील अल्फा-व्ही-बीटा-६ इंटेग्रिनसारख्या रेणूंनी ते वेष्टण ओढून सैल केल्यावरच तो कामाला लागतो. म्हणजे आरएनए भरपूर असूनही संदेश शून्य असू शकतो. म्हणून नकाशाला गृहीतकांची यादी समजावे, पुरावा समजू नये.

कारण सिद्ध करायचे तर एकाच पेशीप्रकाराला हात लावून बाकीच्यांचे काय होते ते पाहावे लागते. असा एक प्रयोग चर्चासत्रात अवश्य सांगा. उंदराच्या पेशींवर घटसर्पाच्या विषाचा फारसा परिणाम होत नाही, कारण त्यांच्यावरील ग्राहक ते विष नीट धरू शकत नाही. संशोधकांनी मानवी ग्राहक फक्त समीपस्थ नलिकेच्या पेशींत बसवला आणि मग विष दिले. एकदाच दिलेल्या विषाची इजा भरून आली. तीच इजा पुन्हा पुन्हा केल्यावर मात्र मधल्या जागेत तंतू साचले, केशवाहिन्या घटल्या आणि ज्यांना विषाचा स्पर्शही झालेला नव्हता ते केशिकागुच्छही निबर झाले. इजा एका जागी आणि नुकसान सर्वत्र, याचे स्पष्टीकरण पेशींमधील संवाद बाजूला ठेवून देता येत नाही.

पुन्हा पुन्हा इजा झाल्यावर काय बदलते, याचा एक धागा २०१० मध्ये हाती आला. काही नलिकापेशी विभाजनाच्या जी-२/एम टप्प्यावर अडकून पडतात आणि त्या स्थितीत तंतुवर्धक रेणू सोडत राहतात. २०१५ मधील उंदरांवरील अभ्यासांनी त्यात भर घातली : अशा पेशी नलिका सोडून जात नाहीत, स्वतः मायोफायब्रोब्लास्टही होत नाहीत, पण अर्धवट रूप पालटून शेजाऱ्यांना संदेश देत बसतात. माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा येथे आहे. दुरुस्तीसाठी दिलेली हाक हा दोष नव्हे. ती वेळेवर न थांबणे हा दोष आहे.

टीजीएफ-बीटाविषयी थोडक्यात सांगतो. मधुमेही मूत्रपिंडविकारात टीजीएफ-बीटा-१विरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणी झाली, आणि लाभ दिसत नसल्याने ती थांबवण्यात आली. हाच रेणू दाहाला आवरही घालतो, त्यामुळे तो सरसकट अडवणे हा सरळ हिशेब नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. घटसर्पाच्या विषाचा प्रयोग मला ठाऊक नव्हता. एकच उपप्रश्न विचारतो : हे सारे पुरावे उंदरांतील आहेत. एखादा संवाद तुटल्याने किंवा पुन्हा जोडल्याने मूत्रपिंडावर परिणाम होतो, असे माणसांत दिसले आहे का?

प्रतिसाद २

दिसले आहे, आणि ते औषधांमुळे. केशिकागुच्छातील पोडोसाइट पेशी व्हीईजीएफ-ए हा रक्तवाहिन्या वाढवणारा संदेशरेणू बनवतात, आणि तो गाळण्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेने जाऊन केशवाहिनीच्या अस्तरपेशींना सांभाळतो. कर्करोगावर व्हीईजीएफ रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत लघवीतून प्रथिने जातात, रक्तदाब वाढतो, आणि क्वचित त्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्याही होतात. हे एक संवाद तुटल्याचे उदाहरण झाले.

संवाद जोडल्याचे उदाहरण एसजीएलटी२ रोधकांत (नलिकेतील ग्लुकोज व सोडियमचे शोषण अडवणाऱ्या औषधांत) आहे. मधुमेहात समीपस्थ नलिका ग्लुकोजबरोबर सोडियमही जास्त शोषून घेते, त्यामुळे पुढच्या, मिठाचा अंदाज घेणाऱ्या मॅक्युला डेन्सा पेशींपर्यंत मीठ कमी पोहोचते. गाळणी मंदावली आहे असे समजून त्या आत येणारी धमनिका सैल सोडायला लावतात आणि केशिकागुच्छातील दाब वाढतो. औषधाने मीठ पुन्हा तेथवर पोहोचते, अडिनोसिन या संदेशरेणूमार्फत धमनिका आवळली जाते आणि दाब उतरतो. औषध सुरू केल्यावर आधी जीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा दर) किंचित घसरतो व नंतर त्याच्या घसरणीचा वेग मंदावतो, याचे मुख्य स्पष्टीकरण हेच दिले जाते. मात्र अशाच एका औषधाच्या २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही लाभ झाला. तेथे हा एकच दुवा पुरेसा ठरत नाही, हे चर्चासत्रात सांगायला विसरू नका.