राज्यसभेने नाकारलेले विधेयक पुढे कोठे जाते?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींबरोबर दर रविवारी आम्ही राज्यघटनेची काही कलमे वाचतो. गेल्या रविवारी कलम १०७ ते १११ वाचायला घेतली आणि अर्ध्या तासातच गाडी अडली. एका मुलाचे म्हणणे असे की, लोकसभेच्या मनात आले की कायदा होतोच, राज्यसभा फक्त शिक्का मारते. आपल्याकडच्या विधानपरिषदेसारखेच ते सभागृह आहे. मी त्याला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची तरतूद समजावून सांगितली आणि राज्यसभेने विधेयक फेटाळले तरी ते संपत नाही, असे म्हणालो. त्यावर एका मुलीने विचारले, "मग घटनादुरुस्ती फेटाळली तरीही संयुक्त बैठक घेता येत असेल ना?" मी गप्प बसलो. राज्यसभेचा नकार कधी खरा नकार असतो आणि कधी नसतो, हे कोणी नीट उलगडून सांगेल का? परीक्षेच्या पुस्तकांतील तक्ते आमच्याकडे आहेत. मला त्यामागचे कामकाज समजून घ्यायचे आहे.

उत्तर : जुने_कामकाज

मी बरीच वर्षे विधिमंडळाच्या कामकाजाचे अनुवाद केले आहेत, त्यामुळे सवयीने सुरुवात कागदापासून करतो. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी नेमका आहे. राज्यसभा किती बलवान आहे याला एकच उत्तर नाही; समोर आलेले विधेयक कोणत्या जातीचे आहे, त्यावर ते ठरते. साधे विधेयक, धन विधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक या तिन्हींच्या बाबतीत तेच २४५ सदस्यांचे सभागृह तीन निरनिराळ्या वजनांचे होते.

साध्या विधेयकाचे आधी पाहू. ते दोहोंपैकी कोणत्याही सभागृहात पुरःस्थापित करता येते. पुरःस्थापना म्हणजे पहिले वाचन. त्यात सहसा चर्चा नसते. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वावर सर्वसाधारण चर्चा होते, वाटल्यास ते प्रवर समितीकडे, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे किंवा विभागाशी संबंधित स्थायी समितीकडे जाते. (अशा २४ स्थायी समित्या आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात.) त्यानंतर खंडशः विचार होतो. पीठासीन अधिकारी "खंड २ विधेयकाचा भाग व्हावा" असा प्रश्न मतास टाकतात, 'होय' आणि 'नाही' ऐकतात आणि पुढच्या खंडाकडे वळतात. मौजेची गोष्ट अशी की, खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करते, असे सांगणारे आरंभीचे वाक्य) आणि विधेयकाचे पूर्ण नाव सर्वांत शेवटी मतास येतात. देह तयार झाल्यावर बारसे करण्यासारखेच हे आहे. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर मत घेतले जाते.

मग ते दुसऱ्या सभागृहात जाते आणि तेथे हाच सारा प्रवास पुन्हा होतो. दुसऱ्या सभागृहाने एक शब्द जरी बदलला, तरी विधेयक पहिल्या सभागृहाकडे परत यावे लागते, कारण दोघांनी संमत केलेला मजकूर अक्षरशः एकच असला पाहिजे. मधल्या काळात साल उलटले असेल, तर विधेयकाच्या नावातील वर्ष आणि "प्रजासत्ताकाच्या अमुकाव्या वर्षी" हे शब्द बदलण्यासाठीही औपचारिक सुधारणा करावी लागते आणि तेवढ्यासाठी कागद पुन्हा पलीकडच्या सभागृहात पाठवावा लागतो.

दुसऱ्या सभागृहाने विधेयक फेटाळले, सुधारणांवर एकमत होण्याची शक्यता उरली नाही, किंवा विधेयक मिळून सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला तरी ते संमत केले नाही, तर कलम १०८ प्रमाणे राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५ एकत्र बसले की पारडे कोणीकडे झुकणार, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. तरीही आजवर केवळ तीन विधेयकांसाठी ही वेळ आली : १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक विधेयक, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करणारे विधेयक आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक विधेयक, म्हणजे 'पोटा'. पोटाचे वेळापत्रक मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. १८ मार्चला लोकसभेने ते संमत केले, २१ मार्चला राज्यसभेने ९८ विरुद्ध ११३ मतांनी फेटाळले आणि २६ मार्चला संयुक्त बैठकीत ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. राज्यसभेचा नकार पाच दिवस टिकला. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे सभापती असल्याने अशा बैठकीचे अध्यक्षस्थान तेच भूषवतात.

उत्तर : वकिली_ओसरी

वरील उत्तर उत्तम आहे, पण शेवटचे वाक्य चुकले आहे. संयुक्त बैठकीचे अध्यक्षस्थान लोकसभेच्या अध्यक्षांकडे असते; ते नसतील तर लोकसभेचे उपाध्यक्ष आणि तेही नसतील तर राज्यसभेचे उपसभापती ते काम पाहतात. राज्यसभेचे सभापती हे संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात, म्हणून या क्रमात त्यांचे नावच येत नाही. पोटाच्या वेळी तर लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांचे त्याच महिन्याच्या सुरुवातीला अपघाती निधन झाले होते आणि उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी ती बैठक चालवली.

आता धन विधेयकाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. कर, सरकारी कर्ज, संचित निधीतील रकमा अशा कलम ११० मध्ये सांगितलेल्या बाबींपुरतेच मर्यादित असलेले विधेयक ते धन विधेयक. ते फक्त लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेला ते मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत परत पाठवावे लागते. तिने शिफारशी केल्या तरी त्या स्वीकारायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. चौदा दिवस उलटले, तर दोन्ही सभागृहांनी ते संमत केले असेच मानले जाते. राष्ट्रपतींनाही असे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. तुमच्या विद्यार्थ्याचा 'शिक्का' हा शब्द येथे मात्र बराचसा लागू पडतो, आणि येथेही राज्यसभा चर्चा करतेच.

पण विधेयक धन विधेयक आहे हे ठरवतो कोण? लोकसभेचे अध्यक्ष. त्यांच्या सहीचे प्रमाणपत्र विधेयकावर उमटले की दुसऱ्या सभागृहाचा नकाराधिकार तेथेच संपतो. म्हणून भांडणे विधेयकातील मजकुराइतकीच या प्रमाणपत्रावरून झाली आहेत, आणि तीही अगदी पहिल्या संसदेपासून. एप्रिल १९५३ मध्ये प्राप्तिकर सुधारणा विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा ते धन विधेयक कसे, असा प्रश्न तेथे निघाला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपले दादासाहेब मावळंकर, यांनी ते प्रमाणित केले होते. कायदामंत्री चारुचंद्र बिस्वास यांच्या त्यावरील उद्गारांनी लोकसभा दुखावली, मग लोकसभेच्या पवित्र्याने राज्यसभा दुखावली, आणि शेवटी पंडित नेहरूंना मध्ये पडून दोन्ही सभागृहांची समजूत काढावी लागली.

अलीकडचे उदाहरण 'आधार'चे आहे. ते विधेयक २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून आले. राज्यसभेने १६ मार्चला त्यात पाच सुधारणा सुचवल्या आणि लोकसभेने त्या त्याच दिवशी नाकारल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते धन विधेयक म्हणून ग्राह्य धरले. वेगळे मत देणारे एक न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. अध्यक्षांचा निर्णय घटनेत 'अंतिम' म्हटला असला, तरी तो न्यायालयीन तपासणीच्या पूर्णपणे पलीकडे आहे असे न्यायालयाने मानलेले नाही, आणि २०१९ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने हा प्रश्न सात न्यायमूर्तींकडे सोपवला. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर कलम ११० मधील 'केवळ' या शब्दाचा अर्थ 'मुख्यतः' असा होऊ लागला, तर राज्यसभा कागदावरच उरेल.

उत्तर : पंचगंगा

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर अजून राहिले आहे, ते मी देतो. घटनादुरुस्तीसाठी संयुक्त बैठक नाही. कलम ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहाने ते विधेयक स्वतंत्रपणे संमत करावे लागते, आणि त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचे बहुमत व उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. येथे राज्यसभेने 'नाही' म्हटले, तर त्यावर अपील नाही.

तुम्ही सांगलीचे आणि गणिताचे, म्हणून ५ सप्टेंबर १९७० ची गोष्ट सांगतो. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी यांसारख्या विलीन झालेल्या संस्थानांच्या माजी राजांना मिळणारे तनखे बंद करण्यासाठी चोविसावे घटनादुरुस्ती विधेयक आले होते. लोकसभेने ते संमत केले. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. मतदान करणारे २२४, त्यांचे दोन तृतीयांश १४९.३३. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! सरकारने लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली, पण डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली, १९७१ ची निवडणूक झाली आणि तनखे शेवटी त्या वर्षअखेरच्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. पंचायत राज्याचे चौसष्टावे विधेयकही १९८९ मध्ये राज्यसभेतच अडले आणि तो विषय १९९२ मध्ये त्र्याहत्तराव्या दुरुस्तीच्या रूपाने मार्गी लागला.

तरीही केवळ अडवणे म्हणजे राज्यसभेचे सामर्थ्य, असे मला वाटत नाही. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीचे पाहा. लोकसभेने मे २०१५ मध्ये ती संमत केली, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवली, आणि वर्षभराच्या वाटाघाटींनंतर ३ ऑगस्ट २०१६ रोजी सुधारणांसह संमत केली. उत्पादक राज्यांची भरपाई म्हणून आंतरराज्य व्यवहारांवर लावायचा एक टक्का अतिरिक्त कर त्या सुधारणांत गळला. महाराष्ट्रासारख्या राज्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हती. ८ ऑगस्टला लोकसभेने बदललेला मजकूर मान्य केला. संयुक्त बैठकीची सोय नसल्यामुळेच सरकारला विरोधकांबरोबर बसावे लागले.

उत्तर : मतपत्रिका

पंचगंगा यांच्या उदाहरणाला माझा एक आक्षेप आहे. तेथे राज्यांपेक्षा पक्षांचा आवाज अधिक होता. राज्यसभा राज्यांचे सभागृह आहे असे आपण म्हणतो. महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची १ जागा तेथे आहे. पण उमेदवार त्या राज्यातील मतदार असला पाहिजे, ही अट २००३ मध्येच काढून टाकण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. त्याच २००३ च्या दुरुस्तीने मतदानही खुले झाले : पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकावी लागते.

मुलांना आवडेल असे एक गणित देतो. सहा जागा आहेत आणि सर्व २८८ आमदारांची मते वैध आहेत, असे समजा. प्रत्येक मताचे मूल्य १००, म्हणजे एकूण २८,८००. त्याला जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने, म्हणजे सातने भागा, अपूर्णांक सोडा आणि एक मिळवा : ४,११५. पहिल्या पसंतीची ४१ मते पुरत नाहीत, ४२ लागतात. उरलेले मूल्य दुसऱ्या पसंतीकडे सरकते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा सहाव्या जागेचा निकाल याच सरकत्या मूल्यांवर लागला होता.

प्रश्नकर्ता : कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १४९.३३ चे उदाहरण येत्या रविवारी फळ्यावर जाणार आहे. दोन शंका उरल्या. विधानपरिषदेची तुलना कितपत बरोबर आहे? आणि वस्तू व सेवा कराचे विधेयक आमच्या पुस्तकात १२२ वे आहे, दुरुस्ती मात्र १०१ वी, हे कसे?

उत्तर : जुने_कामकाज

आधी माझी चूक दाखवल्याबद्दल वकिली_ओसरी यांचे आभार; ते वाक्य वाचकांनी खोडून वाचावे.

तुलना फारशी बरोबर नाही. राज्यात साध्या विधेयकासाठीही संयुक्त बैठक नाही. विधानपरिषदेने विधेयक फेटाळले किंवा तीन महिने संमत केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवते. त्यानंतर परिषदेने पुन्हा फेटाळले, विधानसभेला मान्य नसलेल्या सुधारणा केल्या किंवा एक महिना जाऊ दिला, तरी ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. म्हणजे आपल्या परिषदेच्या ७८ सदस्यांना उशीर करता येतो, अडवता येत नाही. शिवाय कलम १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला, तर संसद साध्या कायद्याने परिषदच रद्द करू शकते. राज्यसभेच्या बाबतीत असे कलम नाही. उलट कलम २४९ प्रमाणे राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतील, विषयावर संसदेने कायदा करावा, असा ठराव दोन तृतीयांश मतांनी करण्याचा अधिकार एकट्या राज्यसभेला आहे.

आकड्यांचे कोडे सोपे आहे. विधेयकाला क्रमांक ते मांडले जाताना मिळतो आणि अधिनियमाला ते पार पडल्यावर. मधल्या वाटेत पडलेली किंवा व्यपगत झालेली (लोकसभा विसर्जित झाल्याने आपोआप संपलेली) विधेयके आपला क्रमांक बरोबर घेऊन जातात. महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेने २०१० मध्ये संमत करूनही २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले, ते असेच. नव्याने आलेले विधेयक २०२३ मध्ये १२८ वे होते आणि दुरुस्ती झाली १०६ वी.