मदत हवी आहे: रविवारी चर्चला जाणं जमत नाही, काय करावं?

सर्वांना जय ख्रिस्त. आम्ही मूळ नगरचे, सध्या पुण्यात. माझी शिफ्ट नेमकी रविवारी, त्यामुळे सहा महिने चर्चचं तोंड पाहिलेलं नाही. रात्री बायको आणि मी बायबलचा एक अध्याय वाचतो, एक गीत म्हणतो, प्रार्थना करून मग ताटं घेतो.

आई फोनवर बायबलमधलं इब्री १०:२५ ऐकवते, एकत्र मिळणं सोडू नका. मी मत्तय १८:२० पुढे करतो, दोघं-तिघं जमले तरी प्रभू तिथे असतो. (ही कुस्ती कोणीच जिंकत नाही.) ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा चर्चबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढलाच ना?

पण प्रभुभोजनापाशी (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) मी अडतो. ते घरी आपलं आपण कसं घेणार? तुमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब (पास्टर) घरी येऊन देतात का? आणि पुण्यात शनिवारी संध्याकाळी मराठी उपासना कुठे होते का?