कडक भाकरी, तारा आणि अक्कलदाढा: आपापले अनुभव सांगावेत

गेल्या शनिवारी धाकटीच्या दातांना तारा बसवून आणल्या. रात्री जेवायला बसल्यावर तिने ताटातली कडक भाकरी उचलली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता ती आमटीच्या वाटीत बुडवली. सोलापूरच्या घरात भाकरी मोडल्याचा आवाज येऊ नये, याचे मला इतके चमत्कारिक वाटले की एकदम २००३ सालची संक्रांत आठवली.

तेव्हा मी २१ वर्षांची होते. खालच्या डाव्या बाजूची अक्कलदाढ अर्धीच वर आली होती आणि तिच्यावर हिरडीची झापड तशीच राहिली होती. त्या झापडीखाली अन्नकण साचून सूज आली आणि भोगीच्या दिवशी सकाळी अक्षरशः दातखीळ बसली. डॉक्टरांनी तोंडात बोटे उभी घालून पाहिली. एरवी तीन बोटे मावतात, माझ्या तोंडात जेमतेम एक गेले. सूज उतरल्याशिवाय दाढ काढता येणार नाही, असे सांगून त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्याच दिवशी सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मी सम्मती कट्ट्यापाशी ओढणीने गाल बांधून उभी होते. सगळीकडे ‘हर्र’चा गजर चालला होता आणि मी नाकातून हुंकार देत होते. घरी आल्यावर तिळगूळ जिभेवर विरघळवून खाल्ला, तर त्यातला एक तीळ नेमका त्या झापडीखाली जाऊन बसला. पुढची रात्र कशी गेली, ते ज्यांना ही दाढ आली आहे त्यांना सांगायला नको.

तुमचेही अनुभव लिहा. तारांचे असोत वा दाढांचे.

*

ताई, तीळ वाचून माझाच गाल धरला गेला. मुलीला मेण दिले आहे ना? पहिले आठ दिवस तारेचे टोक गालाला टोचते, तेव्हा त्यावर मेणाची गोळी दाबून बसवायची असते.

*

माझे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. शाळेत मला काय म्हणत, ते इथे लिहीत नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आई विड्या वळायची, त्यामुळे लहानपणी तारांचा विषयही निघाला नाही. नोकरी लागल्यावर वयाच्या २६ व्या वर्षी मी स्वतःच्या पैशाने उपचार सुरू केले. जागा करण्यासाठी वरच्या दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढावी लागली, आणि धडधाकट दात काढून टाकतात याचे आईला फार वाईट वाटले.

एकदा ती हट्टाने माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टर तार बदलत असताना चष्मा सावरून खुर्चीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “दर महिन्याला थोडं थोडंच का आवळता? एकदाच काय ते आवळून टाका की.” मग डॉक्टर उत्तर देण्याआधी स्वतःच म्हणाली, “नको नको, दोरा जास्त आवळला की पान फाटतं.” डॉक्टर हसले आणि म्हणाले की मावशी, अगदी हेच आहे. हलका दाब सतत राहिला की एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. दाब जास्त झाला तर मुळालाच इजा होते. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

२२ महिन्यांनी तारा निघाल्या. त्यानंतर रात्री घालायची प्लेट मी एका खानावळीत कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि तशीच विसरून आलो. दुसरी करून घ्यायचा आळस केला आणि सहा महिन्यांत पुढचा एक दात पुन्हा वाकडा झाला. त्याबद्दल आई अजून बोलते.

*

मी स्वतः दंतवैद्य आहे, म्हणून थोडे लिहितो. वरच्या दादांची प्लेट हरवल्याची गोष्ट आम्ही दर आठवड्याला ऐकतो. दाताभोवतीच्या तंतूंना नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंत ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून खरा उपचार तारा निघाल्यावर सुरू होतो, असे मी रुग्णांना सांगतो.

दुसरे असे की अक्कलदाढ मागून ढकलते आणि त्यामुळे पुढचे दात वाकडे होतात, ही समजूत फार पक्की आहे. आजवरच्या अभ्यासांतून तिला भक्कम आधार मिळालेला नाही. अक्कलदाढ न येताही वयानुसार खालच्या पुढच्या दातांत गर्दी होतेच. त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी, काही त्रास नसताना, दाढ काढण्याची घाई करू नये. मात्र वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडत असेल, तर टाळाटाळही करू नये.

*

डॉक्टरसाहेब, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. एका दवाखान्यात जबड्याचा पूर्ण एक्स-रे न काढताच माझ्या आडव्या दाढेला हात घातला. दीड तासाने मुळाचा तुकडा आत राहिल्याचे कळले आणि मग “मोठ्या डॉक्टरांकडे जा” अशी चिठ्ठी हातात पडली. दुसऱ्या ठिकाणी आधी एक्स-रे काढला. तो तुकडा काढायला पंचवीस मिनिटेही लागली नाहीत.

*

माझी खालची उजवी दाढ ४१ व्या वर्षी काढली. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस मुळांना अगदी खेटून होती, आणि ओठ काही काळ बधिर राहू शकतो याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. तसेच झाले. तीन महिने चहा पिताना हनुवटीवरून ओघळ यायचा आणि तो शर्टावर पडेपर्यंत मला पत्ता नसायचा. आमच्या कार्यालयात कोणी काही बोलायचे नाही, फक्त शेजारचा शिपाई शांतपणे रुमाल पुढे करायचा. पुढे ओठाला मुंग्या येऊ लागल्या आणि हळूहळू संवेदना परत आली.

*

काका, तुम्ही तरी सांगितलेले ऐकले असेल. माझ्या यजमानांना पहिल्या दिवशी थुंकू नका, जोरात चुळा भरू नका, तंबाखू तर मुळीच नको, असे बजावले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वारी गुपचूप तंबाखू मळून बसली. जखमेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले आणि तिसऱ्या रात्री कानापर्यंत कळा जाऊ लागल्या. डॉक्टरांनी लवंगतेलाच्या औषधाची पट्टी आत भरली, तेव्हा कुठे घर झोपले. तंबाखू मात्र सुटलेली नाही.

*

शेंगाचटणीचे काय करायचे, ते कोणी सांगेल का? कुटलेल्या शेंगांचा तेलकट लगदा तारेखाली असा बसतो की चूळ भरून निघत नाही.

*

त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, अगदी काडीएवढा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. तो तारेखालून आडवा घालायचा. चटणी सोडू नका, दह्यात कालवून खा.

*

सर्वांचे आभार. मेण दिले आहे, ब्रश उद्या आणते. डॉक्टरसाहेब, प्लेटचे तुमचे वाक्य धाकटीला वाचून दाखवले. तिने ते ऐकले की नाही हे दोन वर्षांनी कळेल. सध्या तिचे माझ्या सासूबाईंशी फार जमले आहे. त्यांची कवळी गेले वर्षभर डबीतच असते, त्यामुळे त्या भाकरी कुस्करूनच खातात. काल रात्री दोघींनी एकाच परातीत चुरा केला, वर आमटी ओतली आणि आम्हा दात असलेल्यांना वाटीभरसुद्धा दिला नाही.