३० वर्षांची सिंगल माल्ट व्हिस्की पहिल्यांदाच चाखणार आहे, कशी चाखू?

निवांत_संध्याकाळ: मंडळी, मामांनी जपून ठेवलेली स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली ३० वर्षांची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्टेड बार्लीपासून केलेली व्हिस्की) या शनिवारी उघडायचं ठरलंय. १२, १५ वर्षांच्या प्यायलोय पण एवढी जुनी कधीच नाही. पाणी घालायचं का? आणि रंग अगदीच फिका आहे, इतकी वर्षं पिंपात राहून असा कसा? शिवाय बाटली घरातही बरीच वर्षं पडून आहे, ती वर्षं वयात धरायची का?

पिंपवाला: नाही, वय फक्त ओकच्या पिंपातलं, बाटलीत गेली की मुरणं थांबलं. आणि लेबलवरचा आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, त्यामुळे थोडा माल त्याहून जुनाही असू शकतो. रंगाचं मनावर घेऊ नका, पुन्हा पुन्हा वापरलेल्या बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात ३० वर्षांनीही फिकीच राहते, आणि उलट तरुण व्हिस्कीत रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे. बाटली आडवी असेल तर आत्ताच उभी करा, एवढं कडक अल्कोहोल कॉर्क खातं. बूच हळू फिरवत काढा, तुटलंच तर सरळ गाळून घ्या.

थेंबभर_पाणी: आधी लेबलवर अल्कोहोलचे टक्के बघा, पाण्याचं उत्तर तिथेच आहे. स्कॉटलंडच्या गोदामात दरवर्षी साधारण २ टक्के माल हवेत उडून जातो, त्यालाच एंजल्स शेअर म्हणतात, आणि तिथल्या थंड दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं म्हणून जुन्या पिंपातली व्हिस्की आपसूकच सौम्य होत जाते (४० टक्क्यांच्या खाली गेली तर स्कॉच म्हणून विकताच येत नाही). ४३ च्या आसपास असेल तर पाणी अजिबात नको, वास आणि तोंडात जाणवणारा दाटपणा दोन्ही पातळ होतात. पन्नाशीच्या वर असेल तर थेंब थेंब. ग्लास तोंडाशी निमुळता घ्या, थोडीशीच ओता, आणि निदान वीस मिनिटं नुसता वास घेत बसा प्लीज. आधी लाकूड, जुनं मेण असं काहीतरी येतं आणि मग हळूहळू फळं उघडतात, ते घाईत निसटलं तर फार वाईट वाटेल.

धूर_आणि_मीठ: वरचं सगळं पटलं, पण जुनी म्हणजे भारीच असं धरून बसू नका. पिंप जास्त जोरकस असेल तर शेवटी कडू तुरट लाकूडच उरतं, मला तर बऱ्याच डिस्टिलरींची १८ च्या आसपासचीच जास्त आवडते. आयला या स्कॉटिश बेटावरच्या पीटवाल्या (पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, तिच्या धुराचा वास असलेल्या) व्हिस्कीतही वयाबरोबर धूर मवाळ होत जातो. त्याच डिस्टिलरीची १२ वर्षांची असेल तर शेजारी ठेवा, वयाने काय केलं ते लगेच कळेल.

थेंबभर_पाणी: ठेवा, पण जुनी आधी प्या. तरुण व्हिस्कीच्या तिखटपणानंतर जुनीतलं बारीक काही लागतच नाही.

निवांत_संध्याकाळ: लेबल बघितलं, ४६ आहे.

थेंबभर_पाणी: मग पहिला अर्धा ग्लास तशीच घ्या, उरलेल्यात दोन थेंब घालून बघा. मामांनाही बसवा सोबत.