पूरियासाठी तानपुरा निषादावर लावताना तार तुटते, जुळली तरी खटकते

रंकाळा_सूर:
नमस्कार मंडळी. मिरजेचा चार तारांचा पुरुषी तानपुरा आहे, स्वर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी). एरवी प-सा-सा-खर्ज (खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला सा) असा लावतो. सध्या पूरिया रागाची तालीम चालू आहे, त्यात पंचम वर्ज्य (लागत नाही), म्हणून पहिली तार निषादावर हवी. पंचमाची पितळी तार तिथवर चढवली की तुटते. जाड स्टीलची लावली तर टिकते, पण खुंटी सारखी मागे फिरते. मोबाइलच्या ट्यूनरवर काटा अगदी मधोमध आणला तरी खर्जाबरोबर निषाद फुटका वाटतो. असं का होतं? आणि पुढं मारवा रागाला निषादच ठेवायचा की धैवत?

खुंटी_मणी:
तार तुटणारच हो. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ते मंद्र निषाद म्हणजे कंपनसंख्या सव्वापट. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 1.25 चा वर्ग, साधारण 1.56. दीडपटीहून जास्त ताण पितळेला झेपत नाही. जाड स्टील तो झेलतं, पण तोच ओढा खुंटीवर आणि दांडीवर येतो, म्हणून खुंटी फिरते.

उपाय अगदी साधा आहे: जोडीला (मधल्या दोन षड्जांना) जी स्टीलची तार आहे तीच पहिलीला लावा. काळी एकला षड्ज 138.6 हर्ट्झ, मंद्र निषाद 129.9 हर्ट्झ. दोन्हींत अर्ध्या स्वराचं अंतर, म्हणजे ताणही जवळपास तेवढाच. पूरिया झाला की पुन्हा पितळी चढवा. तीच पातळ तार पंचमापर्यंत उतरवून वापरू नका, ढिली पडून नुसती खडखडेल.

क्रम असा ठेवा: आधी जोड, मग खर्ज, निषाद सगळ्यात शेवटी. पहिलीचा ताण बदलला की दांडी किंचित वाकते आणि बाकीच्या तारा उतरतात, त्यामुळं दहा-पंधरा मिनिटांनी सगळं परत तपासायचं. खुंटीनं स्वर केसभर खालीच ठेवा आणि उरलेलं तारेत ओवलेल्या मण्यानं करा. मणी घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) लांब, खाली ओढला की स्वर चढतो. आणि तार बदलली म्हणजे जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामधला, गुंजन आणणारा धागा) जुन्या जागी चालणार नाही. तो घोडीवर अगदी थोडा थोडा सरकवत आवाज उघडेल तिथं थांबवा. हे न करता "निषाद बोलतच नाही" म्हणणारे बरेच भेटतात!

जाता जाता: आपल्याकडच्या पावसात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात निसटतात. निसटणाऱ्या खुंटीला खडू लावा, तेल चुकूनही नको.

श्रुतीमापे:
ट्यूनरचं कोडं वेगळं आहे. ट्यूनर समान अंतरांच्या बारा स्वरांवर चालतो, त्याचा शुद्ध निषाद षड्जापासून 1100 सेंटवर (100 सेंट म्हणजे ट्यूनरचा अर्धा स्वर). खर्जाशी जुळणारा निषाद षड्जाच्या कंपनसंख्येच्या 15/8 पट, म्हणजे 1088 सेंट. फरक 12 सेंटचाच, पण कानाला लागतो: खर्जाचा पंधरावा उपस्वर (तारेतून मूळ स्वराच्या पंधरापट कंपनसंख्येचा उमटणारा स्वर) आणि निषादाचा आठवा एकाच जागी, 1039 हर्ट्झच्या आसपास, पडायला हवेत. ट्यूनरचा निषाद घेतलात तर तिथं सेकंदाला सातेक ठोके (आवाजाची थरथर) येतात. तोच फुटकेपणा.

म्हणून ट्यूनर षड्जापुरता. खर्ज नीट लागला की त्यातून गंधार (पाचवा उपस्वर) आपोआप ऐकू येतो. तो गंधार धरा, त्याला षड्ज मानून त्याचा पंचम मनात घ्या, तोच तुमचा निषाद. पूरियाचे वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर) गंधार-निषादच आहेत, त्यामुळं तानपुरा लावतानाच रागाचा सांगाडा कानात बसतो.

पेटीचे स्वर की शुद्ध स्वर, हा वाद आपल्या भागाला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं 22 श्रुतींवरचं (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवरचं) इंग्रजी पुस्तक 1910 चं, आणि त्यांच्या मोजमापांसाठी अब्दुल करीम खाँ गायले होते. त्यांचे सहकारी, इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी पुढं श्रुती-हार्मोनियम करून घेतली. 22 चा त्यांचा हिशेब सगळ्यांना पटला असं नाही, पण बाजाच्या पेटीचा गंधार-निषाद चढा आहे हे त्यांचं म्हणणं आजही खरं आहे.

कोल्हापुरी_खरज:
एक भर. "पंचम वर्ज्य म्हणून पंचमाची तार नको" हे अर्धंच खरं. खर्जाचा आणि जोडीचा तिसरा उपस्वर पंचमच, तो तुम्ही काढूच शकत नाही. वेगळी तार काढल्यानं तो मागं सरतो, एवढंच.

निषादाच्या तारेचा तिसरा उपस्वर तीव्र मध्यम येतो, तो पूरियाला फायद्याचा. पाचवा मात्र 275 सेंटला पडतो, धड रिषभ नाही धड कोमल गंधार नाही. म्हणून या तारेची जवारी जोडीपेक्षा थोडी बंद ठेवावी, लई उघडी नको.

मारव्याबद्दल माझं मत धैवताकडं झुकतं. निषादावर गाणारेही पुष्कळ, पण त्या रागात थांबायचं रिषभ-धैवतावर. धैवताच्या तारेतून तिसरा उपस्वर शुद्ध गंधार मिळतो. अडचण पाचव्याची: तो 71 सेंटला येतो आणि मारव्याचा रिषभ 112 च्या आसपास किंवा त्याहून चढा लागतो, त्यामुळं आवाज खाली ओढला जातो. इथंही जवारी बंदच बरी.

रंकाळा_सूर:
जोडीची तार लावली, खुंटी आता टिकली. मालकंस रागाला पहिली तार मध्यमावर घेताना पुन्हा पितळी लावायची ना?

खुंटी_मणी:
हो, पितळीच. पंचमावरून मध्यमाला उतरताना ताण 21 टक्के कमी होतो, तार थोडी सैल वाटेल. तेवढ्यानं खडखडली तर दोरा सरकवून बघा, आणि नाहीच जमलं तर एका नंबरानं जाड पितळी घ्या. मधल्या बोटानं छेडताना हात हलका ठेवा, सैल तार जोरात ओढली की स्वर आधी चढतो आणि मग खाली बसतो.