गॅसबत्तीच्या मेंटलमधील थोरियम

प्रश्न (सोलापूर): वडील गड्ड्याच्या यात्रेत दुकान लावत, तेव्हाच्या गॅसबत्तीची न वापरलेली मेंटल (ज्योतीवर बसवायची, तापून उजेड देणारी जाळी) माळ्यावर सापडली आहेत. त्यांत थोरियम असते का, आणि ते घातक आहे का?

उत्तर १: जुन्या मेंटलमध्ये बहुधा असते. थोरियमचा अणुक्रमांक ९०. हा चंदेरी, मऊ धातू सुमारे १७५० अंश सेल्सिअसला वितळतो. थोरियम-२३२ या त्याच्या नैसर्गिक प्रकाराचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे १४०५ कोटी वर्षे असल्यामुळे त्याचा किरणोत्सार अतिशय मंद असतो, आणि त्यातून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात.

उत्तर २: एक भर घालावीशी वाटते. थोरियमच्या विघटनातून तयार होणारी मूलद्रव्ये बीटा आणि गॅमा किरणही देतात. मेंटल पेटवल्यावर उरणारी पांढरी जाळी थोरियम ऑक्साइडची असते आणि बोट लागताच तिचा भुगा होतो. तो श्वासावाटे आत जाणे हाच खरा धोका आहे. पाकीट फोडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाकीट तसेच बंद ठेवले आहे.