‘कंपनीचा’ कम्प्युटर म्हणजे नेमका कोणाचा?

धुरा (दारव्हा तालुका)
गावातल्या अभ्यासिकेसाठी दोन कम्प्युटर घ्यायचे आहेत. दोन दुकानांतून कोटेशन आणली. एकावर लिहिलंय ‘कंपनीचा पीसी, २ नग’, दुसऱ्यावर ‘असेंबल पीसी, आय-फाइव्ह, २ नग’, म्हणजे दुकानदाराने सुटे भाग जोडून केलेला. बैठकीत एक काका अडूनच बसले, घ्यायचा तर कंपनीचाच. कोणत्या कंपनीचा, असं विचारलं तर म्हणे, “कोनत्याबी कंपनीचा घ्या ना बावा, पन कंपनीचा पायजे!”

कोशात ‘कंपनी’ हे नाम आहे. मंडळी, व्यापारी संस्था, फौजेची तुकडी. आपल्याकडे मात्र त्याचं सरळ विशेषण झालंय. कंपनीचं बियाणं, कंपनीचा पाइप, कंपनी कलर, कंपनी फिटिंग. नाव कोणाचंच नाही, तरी ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. तर या अर्थाने ‘कंपनीचा’ म्हणजे नक्की काय? आणि याचा विरुद्धार्थी शब्द कोणता? ‘असेंबल’ मला पटत नाही, कारण बियाणं काही कोणी असेंबल करत नाही.

बारा-ए
विरुद्धार्थी ‘लोकल’. दुकानात रोज कानावर पडतो.

फटफटी
लोकल नाही हो, ‘डुप्लिकेट’.

बारा-ए
डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरलेला माल. लोकल म्हणजे ज्याचं नाव कोणी ऐकलंच नाही असा. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. टोनर तीन प्रकारचं ठेवतो : ओरिजिनल, कम्पॅटिबल आणि रिफिल. गिऱ्हाईक पहिल्याला ‘कंपनी’ म्हणतं आणि बाकी दोघांना एका झटक्यात ‘लोकल’. आता कम्पॅटिबल बनवणाऱ्याचाही कारखाना आहे, बिल आहे, खोक्यावर पत्ता आहे. तीही कंपनीच. पण गिऱ्हाइकाच्या लेखी नाही.

आणि हे कंपनीप्रेम किती खरं, तेही सांगतो. मी ज्याचं नाव घेतलंय तो बारा-ए कार्ट्रिज एचपीच्या १०२० मध्ये बसतो. त्या प्रिंटरचं आतलं इंजिन कॅननचं. कॅननच्या २९०० ला जो ३०३ लागतो तो जवळपास हाच. आम्ही भरणारे एकाच बाटलीतली पावडर दोघांत ओततो. तरी तालुक्यात एचपीवाले आणि कॅननवाले असे दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्षांचे लोक माझ्याच काउंटरवर भांडतात की याची छपाई काळी का त्याची. मी मधे पडत नाही. माझ्या पाटीवर ‘झेरॉक्स’ लिहिलंय आणि आत मशीन कॅननची आहे.

खोडरबर (कम्प्युटर दुरुस्ती)
राजेहो, शब्द तुमच्यासमोरच हाय. विरुद्धार्थी म्हणजे ‘खोललेला’.

सेकंडहँड डबा घ्याले माणूस आला का पयला प्रश्न रॅमचा नसते, प्रोसेसरचा नसते. पयला प्रश्न : “मशीन खोललेली तं नाही ना?” मंग तो मांगून फिरते, स्क्रूवरचं स्टिकर पाहते, नखानं टोकरून पाहते. स्टिकर शाबूत तं माल कंपनीचा. स्टिकर फाटला का भाव पडला, मंग आतमंदी सोनं का असेना. म्हणजे ‘कंपनीचा’ याचा अर्थ असा का ज्याले कंपनीशिवाय कोनाचा हात लागला नाही तो.

आता याची गंमत पाहा. ऐन उन्हायात डबा येते माह्याकडं. चालू केला का बीप मारते, डिस्प्ले नाही. मालक म्हनते, “भाऊ, कंपनीचा हाय, खोलू नका.” न खोलता कसा पाहू, वरून हात फिरवू? बारा महिने झाडला नाही, आतमंदी ह्ये एवढी धूळ, पंख्याच्या पात्यावर कापसाचा थर. रॅम काढली, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं घासले, स्लॉट ब्रशनं झाडला, रॅम परत दाबली तं दोन्हीकडचे कान टक-टक बसले. डिस्प्ले आला. मालक खूश झाला, पन जाता जाता म्हनते काय, “आता हा खोललेला झाला.”

धुरा
खोडरबर भाऊ, हे मात्र पटलं. मग नवा असेंबल जन्मापासूनच खोललेला म्हणायचा!

खोडरबर
तेच तं.

फटफटी
हा शब्द गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. असेंबल पीसी उघडून पाहा. प्रोसेसर इंटेलचा नाहीतर एएमडीचा, बोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, एसएसडी चौथ्याची, वीज पुरवणारा एसएमपीएस पाचव्याचा, मॉनिटर सहाव्याचा. सहा कंपन्यांचा माल आणि नाव काय, तर बिनकंपनीचा! उलट तुमच्या ‘कंपनीच्या’ डब्यात काय असतं? तोच इंटेल, दुसऱ्याकडून घेतलेली रॅम, आणि वरून लोगो. बोर्ड मात्र स्वतःच्या मापाचा आणि एसएमपीएसचा प्लग वेगळा, म्हणजे उद्या तो उडाला तर बाजारातला बसणार नाही. कंपनीचा म्हणजे दुसऱ्या कोणीतरी असेंबल केलेला, एवढाच अर्थ आहे.

निंबोणी
फटफटी दादा, हे तर पहिल्या दिवसापासूनच तसं आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी काढला तेव्हा घाई होती, म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ उचलला आणि डॉस मायक्रोसॉफ्टकडून घेतला. खास स्वतःचं म्हणावं असं आत होतं ते बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम. कॉम्पॅकने ते न बघता नव्याने लिहून काढलं आणि १९८३ मध्ये आयबीएमशी जुळणारा पीसी विकायला काढला. मग काय, ज्याला सुटे भाग मिळाले तो पीसी बनवायला बसला. तालुक्याच्या गावात बसून कोणी पीसी जोडू शकतो ते त्यामुळेच. आणि ज्या आयबीएमच्या नावावर हे सगळं चाललं तिने २००५ मध्ये पीसीचा धंदाच लेनोवोला विकला.

पण शब्द जाणार नाही. लोक वस्तू कोणी बनवली ते विचारतच नाहीत, बिघडली तर कोणाच्या दारात जायचं ते विचारतात. ‘कंपनीचा’ म्हणजे ज्याच्यामागे कोणीतरी उभं आहे असा.

मास्तर
निंबोणीताई म्हणतात त्याला थोडी जुनी बाजूही आहे. जुन्या मराठी कागदांत हा शब्द ‘कुंपणी’ असा येतो, ‘कुंपणी सरकार’. ऐकताना शेताचं कुंपण आठवतं, पण दोन्हींचा काही संबंध नाही, ईस्ट इंडिया कंपनीतलीच ती कंपनी. ‘कोणती’ हे सांगायची गरज तेव्हाही नव्हती, कारण एकच होती. नाव न घेता नुसतं ‘कंपनी’ म्हणायची सवय इतकी जुनी आहे.

वऱ्हाडावर मात्र तिचा अंमल फार थोडा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं, नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, आणि १८५८ मध्ये कंपनीचाच कारभार संपून राणीचा आला. म्हणून आपल्याकडचा आजचा अर्थ तिथून थेट आला असं मी म्हणणार नाही. माझ्या मते तो कापसाच्या धंद्यातून आणि रेल्वेतून आला असावा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे स्वातंत्र्यानंतरही एका खासगी ब्रिटिश कंपनीच्या मालकीच्या रुळांवरून धावली, हे इथल्या जुन्या माणसांना पाठ आहे.

धुरा
गुरुजी, मग बियाण्याचं कसं? तिथे विरुद्धार्थी ‘घरचं’ आहे. सोयाबीनचं घरचं चालतं, कारण वाण सरळ असतं. उगवण तपासली, शंभरातले सत्तर दाणे उगवले की पेरायला मोकळे. कपाशी संकरित, तिचं घरचं चालत नाही, दरसाल पाकीट विकत. त्यामुळे ‘कंपनीचं’ यात विश्वासही आहे आणि नाइलाजही.

फटफटी
बियाण्यावरून आठवलं. तणनाशक सोसणाऱ्या, बिनपरवान्याच्या एचटीबीटी कपाशीला सगळा विदर्भ ‘चोर बीटी’ म्हणतो. मग क्रॅक मारलेल्या विंडोजला कोणी ‘चोर विंडोज’ का म्हणत नाही?

बारा-ए
कारण चोर बीटीवर धाडी पडतात. विंडोजसाठी माझ्या दुकानावर आजवर कोणी आलं नाही.

खोडरबर
विंडोजले आमी ‘मारनं’ म्हनतो. विंडो मारून द्या. फॉरमॅट मारा. शिक्का मारते तशी विंडो मारते. ‘मारलेली’ म्हनलं का समजून घ्या का ते विकत घेतलेली नाही. विकत घेतलेलीले ‘कंपनीतून आलेली’ म्हनतात. म्हणजे ‘कंपनी’चा आनखी एक अर्थ ह्यो, का विंडो ओरिजिनल. मायक्रोसॉफ्टचं नाव कोनी घेत नाही. मले तं वाटते अर्ध्या लोकायले विंडोज मायक्रोसॉफ्टचीच हाय हे माहीत नसन.

निंबोणी
धुरा दादा, शब्दाचं चालू द्या, पण त्या दुसऱ्या कोटेशनमधला ‘आय-फाइव्ह’ हा शब्द ‘कंपनीचा’पेक्षा जास्त फसवा आहे. आय-फाइव्ह ही इंटेलच्या प्रोसेसरांची एक मालिका, पण आपल्याकडे आय-फाइव्ह म्हणजे ‘भारी’, बस. जनरेशन, म्हणजे कितव्या पिढीचा, ते कोणी विचारत नाही. २०११ चा आय-फाइव्ह २४०० हाही आय-फाइव्ह. नवीन नावाच्या एच-६१ बोर्डावर असे परदेशातून आलेले जुने प्रोसेसर बसवून नवा डबा म्हणून विकतात. २०२२ चा आय-थ्री १२१०० त्याला सहज मागे टाकतो, पण आकडा तीन दिसला की माणूस नाक मुरडतो. शिवाय विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या जनरेशनपासूनचे प्रोसेसर आहेत. त्या जुन्या आय-फाइव्हवर लिनक्स टाका, अभ्यासिकेतल्या पोरांचं काम भागेल. पण मग भावही जुन्याचा द्या.

धुरा
कोटेशनमध्ये जनरेशन लिहिलेलं नाही. आता विचारतो.

बारा-ए
आणि एएमडी नको म्हणावं. गरम होतो.

फटफटी
आलं! मी वाटच पाहत होतो. ‘गरम होतो’ ही एएमडीला चिकटलेली पदवी आहे, आणि ती देणाऱ्यांपैकी कोणी थर्मामीटर लावलेला नाही. २००४ चे इंटेलचे प्रेस्कॉट जातीचे पेंटियम फोर घ्या. त्यातले वरचे ११५ वॅटचे होते आणि त्याच काळातला एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ होता ८९ वॅटचा. तेव्हा गरम कोण होता?

निंबोणी
दादा, पुढचं पण सांगा ना. २०१३ चा एएमडीचाच एफएक्स ९५९० तब्बल २२० वॅटचा होता. आणि अगदी सुरुवातीच्या अ‍ॅथलॉनमध्ये हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) निघाला तर स्वतःला सावरायची सोय नव्हती, जळूनच जायचा. लोक उगाच नाही म्हणत. फक्त २०१७ ला एएमडीचा नवा रायझन आला आणि शब्द मागेच राहिला.

उलट बाजूही बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा घोळ निघाला, मशीन चालता चालता बंद पडायला लागल्या. २०२४ मध्ये इंटेलला त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आता हा दोष कंपनीच्या सीलबंद डब्यातही तोच आणि असेंबलमध्येही तोच.

फटफटी
एफएक्सचा विषय काढायलाच पाहिजे होता का ताई?

खोडरबर
तुमचं वॅट-गिट राहू द्या. आपल्याइकडं पारा ४५ च्या वर जाते आन् डबा ठेवते कुठं, तं टिनाखालच्या खोलीत, भिताडाले चिपकून. तिथं इंटेलबी गरम होते, एएमडीबी गरम होते आन् मीबी गरम होतो.

आता निंबोणीताईचं ‘मांगं उभं राहणारं कोनीतरी’ म्हनजे कोन, ते सांगतो. मांगच्या उन्हायात एका शायेत कंपनीचा डबा बंद पडला. ऑनसाइट वॉरंटी होती, फोन लावला, नंबर लागला, चार दिसानं ‘कंपनी’ आली. हा पन एक वापर लिहून ठेवा : कंपनीचा मानूस म्हनत नाहीत, “कंपनी आलती” म्हनतात. हेडमास्तरनं चहा पाजला, खुर्ची देली. कंपनी म्हनजे कोन, तं माह्याच दुकानात रॅम घासाले शिकलेला पोट्टा. आता अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरात हाय. त्यानं खिशातून काय काढलं ते मी सांगत नाही, माह्या नावातच हाय.

मास्तर
पण स्टिकर त्यानेच फाडलं ना? मग तो डबा खोललेला धरायचा की नाही?

खोडरबर
नाही गुरुजी. कंपनीनं खोलला तं खोलला म्हनत नाहीत. ‘दाखवला’ म्हनतात.

बारा-ए
हे शंभर टक्के खरं आहे. माझ्या मशीनलाही लोक तसंच म्हणतात.

धुरा
आमच्या इकडे ट्रॅक्टरलाही ‘कंपनीत दाखवला’ म्हणतात. बरं, एक शेवटचं विचारतो. असेंबलवाला तोंडी म्हणतो, “तीन वर्षं गॅरंटी.” ही कोणाची?

निंबोणी
आपण गॅरंटी आणि वॉरंटी दोन्हींना गॅरंटीच म्हणतो, ते चालतं. पण असेंबलमध्ये ती एक नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते आणि ज्याची-त्याची कंपनी देते. प्रोसेसर ‘बॉक्स’ आहे की ‘ट्रे’ ते विचारा. बॉक्सला इंटेलची तीन वर्षं मिळतात. ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरला इंटेल थेट दाद देत नाही, विकणाराच बघतो.

खोडरबर
आन् बिल पक्कं घ्या. त्यावर ‘पीसी १ नग’ असं नोका लिहू देऊ. बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, सगयांचे सिरियल नंबर एकाखाली एक लिहून घ्या, अन् खोके फेकू नोका. दुकान उद्या राहीन, नाही राहीन.